थांबलेल्या जागा

१

शुक्रवारी समुपदेशक बाई घरी येऊन माझ्या मुलीला काय विचारणार, याची मला काळजी नव्हती. ते मला पाठ होतं. माझी मुलगी काय उत्तर देईल, या एका काळजीनं मी सलग चार रात्री छताकडे बघत काढल्या होत्या.

मुलगी साडेचार वर्षांची. घरात तिला ठकू म्हणतो. अकरा दिवसांपूर्वी सकाळी तिला आंघोळ घालताना उजव्या दंडावर चार ठसे दिसले. निळसर, बोटांएवढे, एकाखाली एक. मी नवऱ्याला हाक मारली आणि म्हटलं, "हे बघ. पाळणाघरातून ही अशी आली आहे." मग ठकूला विचारलं, "मावशीनं धरलं ना ग तुला?" ठकूनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली. त्याच दिवशी मी तक्रार लिहिली. दीड पानी, मुद्देसूद. लिहिता मला चांगलं येतं.

पाळणाघर म्हणजे दोन खोल्या, चौदा मुलं आणि एक मावशी. बावीस वर्षं चालवते. बावीस वर्षांत कुणाच्या पोराला साधा ओरखडा आला नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. म्हणोत. माझ्या तक्रारीवरून समिती बसली, मावशीचा जबाब झाला, माझा झाला. आता ठकूचं म्हणणं ऐकलं की समिती ठरवणार, पाळणाघर चालू ठेवायचं की बंद करायचं. बंद झालं तर मावशीला दुसरं काही नाही. राहतेही ती तिथेच, आतल्या खोलीत.

"अगं, झोप की आता," नवरा म्हणाला. "आपण बरोबर केलंय ना?"

"हो."

"मग?"

"मग काय? बरोबर वागलं की झोप लागते, असा नियम आहे का कुठे?"

तो कूस बदलून झोपला. त्याला कशानंही झोप लागते. लग्नात आशीर्वादाची भाषणं चालू असताना हा खुर्चीत घोरत होता. मी जागी राहिले, आणि मला राग येत राहिला. कुणाचा ते मी तेव्हा नीट तपासलं नाही.

२

माझं काम ऐकून टाइप करण्याचं. चौकश्या, सुनावण्या, जबाब यांची रेकॉर्डिंग आमच्या कार्यालयात येतात आणि तिथून फायली घरी पाठवतात. जेवणाच्या टेबलावर माझं दुकान: कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. कामाचा नियम एकच. जे ऐकू येतं ते सगळं लिहायचं, जे ऐकू येत नाही ते लिहायचं नाही. माणूस बोलता बोलता गप्प झाला तर कंसात "थांबतात" असं लिहून पुढे जायचं.

या धंद्यात एक चूक सगळ्यांकडून होते. चार-पाच वर्षं काम झालं की माणूस पुढे काय बोलणार ते आपल्याला आधीच कळायला लागतं, आणि बोटं त्याच्या आधी टाइप करून मोकळी होतात. तो म्हणतो "मी घरी होतो", आणि आपण लिहिलेलं असतं "मी घरीच होतो". आम्ही याला हात पुढे जाणं म्हणतो. आमच्या प्रमुख बाई, ज्यांना आम्ही त्यांच्या मागे स्वल्पविराम म्हणतो, कारण एका स्वल्पविरामासाठी त्या अख्खी फाईल परत पाठवतात, त्या एवढं एकच सांगत असतात: "हात मागे ठेवा. कान पुढे."

महिन्यापूर्वी माझे हात पुढे गेले. एका इमारतीच्या लिफ्टचं भांडण होतं. एक गृहस्थ सांगत होते, "मी तक्रार केली ती फक्त इथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी." मग ते थांबले. त्या थांबण्यात मला एक श्वास ऐकू आला. त्यांचा नव्हता, त्यांना दमा होता, घरघर यायची. हा श्वास स्वच्छ होता, माइकच्या अगदी जवळ. आत घेतलेला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. पण त्यापुढे कुणी बोललं नाही. गृहस्थच पुन्हा बोलायला लागले.

पडद्यावर बघितलं तर कंसातल्या "थांबतात"च्या खाली एक ओळ होती: त्यानं माझ्या मुलाला नोकरीला लावलं नाही.

मी मागे जाऊन तीनदा ऐकलं. असं कुणी म्हणालं नव्हतं. ओळ खोडली, चहा केला, झोप पुरी होत नाही म्हणून स्वतःलाच चार शब्द ऐकवले. मी शिकलेली बाई आहे. कंटाळलेला मेंदू गोष्टी रचतो हे मला कळतं.

पुढच्या आठवड्यात शाळेची चौकशी होती. दुसरी खोली, दुसरी माणसं. आवाज घुमत होता म्हणजे खोली मोठी असणार. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी राजीनामा दिला तो तत्त्वासाठी." त्या थांबल्या. आणि तोच श्वास आला. घुमला नाही. तितकाच जवळ, तितकाच स्वच्छ, जणू खोली कुठलीही असो, त्याला काही फरक पडत नाही. मी हातांकडे बघितलं. ते नुकते थांबत होते.

मला वाटलं होतं सगळे मला थांबवतील.

ही ओळही मी खोडली. पण त्याआधी ती दोनदा वाचली, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अच्छा, म्हणजे या बाईसुद्धा!

३

पाळणाघर सुटल्यापासून ठकू दिवसभर घरी. मी काम करताना ती टेबलाखाली बसते, पेडलशेजारी. तिच्याकडे तीन बाहुल्या आहेत आणि तिघीही सदानकदा आजारी असतात.

"आई, देवाला मनातलं कळतं?"

मी एक कान उघडा केला. "कोण म्हणालं?"

"मावशी. झोपायच्या आधी ती म्हणते, डोळे मिटा आणि मनातलं देवाला सांगा. मनातलं बाकी कुणालाच कळत नाही."

"म्हणते नाही, म्हणायची," मी म्हणाले.

"अजून म्हणत असेल. बाकीची मुलं आहेत ना तिथे."

मी पुन्हा हेडफोन लावायला गेले.

"आई, पण आपण सांगितलंच नाही तर?"

"तरी कळतं म्हणतात."

"मग सांगायचं कशाला?"

हा प्रश्न मी तिच्या वयाची असताना माझ्या आईला विचारला होता आणि उत्तर म्हणून मला एक टपली मिळाली होती. मी टपली दिली नाही. आधुनिक आई आहे मी. पुस्तकं वाचून वाढवते मुलीला. मी म्हटलं, "खेळ आता, मला काम आहे."

टेबलाखालून ठकू आपल्या बाहुलीला दटावताना ऐकू आली. "रडू नकोस. काही नाही झालेलं. तुला मावशीनं धरलं ना? म्हण, मावशीनं."

आवाज तिचा होता. पण सूर, शब्दामागचा तो "ना", तो माझा होता. रोज वकिलांचे प्रश्न टाइप करते मी. लहान मुलाला "ना" लावून प्रश्न विचारला की ते हो म्हणतं, हे मला कुणी शिकवायला नको.

४

फायलींवर नावं नसतात, फक्त आकडे असतात. बुधवारी सकाळी आलेल्या फाईलचं पेडल दाबलं आणि पहिल्याच वाक्याला ओळखलं.

"बसू ना मी इथे? का उभीच राहू?"

मावशी. तिचा तो जाडाभरडा आवाज, ज्यानं चौदा मुलं एका दमात झोपतात. ओळखीचा आवाज निघाला तर फाईल परत पाठवायची, हाही नियम आहे. मी दारापर्यंत जाऊन कडी लावली, परत आले आणि पेडल दाबलं.

का, ते सांगते. मला तिची ओळ हवी होती. सगळ्यांच्या ओळी येतात ना? म्हाताऱ्यांचा कळवळा असलेल्या गृहस्थांची येते, तत्त्वनिष्ठ बाईंची येते. मग बावीस वर्षं दुसऱ्यांची पोरं कुशीत घेणाऱ्या या माउलीच्या पोटात काय आहे, ते येऊ दे की एकदा.

समितीचे अध्यक्ष विचारत होते, आणि ती उत्तरं देत होती. मी नाही धरलं. मुलांना मी ओरडते, हात लावत नाही. त्या दिवशी पोरीच्या अंगावर काही नव्हतं. मीच तिचा सदरा बदलला होता, दूध सांडलं म्हणून.

"म्हणजे तक्रार खोटी आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"खोटी कशाला म्हणू, साहेब? आई आहे ती. आईचा जीव थाऱ्यावर नसतो. मुलीच्या अंगावर काही दिसलं की ती कुणालाही धरणारच. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं."

बघा! हे असं. या बाईचा हाच मला संताप येतो. हिला शिव्या द्या, ही तुमच्यासाठी चटई अंथरते. माझी वकिली करायला कुणी सांगितलं होतं हिला?

"मुलीला घ्यायला आई त्या दिवशी उशिरा आली?"

"आली थोडी उशिरा. नोकरी करणाऱ्या बायका, साहेब. होतं." ती थांबली.

आणि श्वास आला.

मी खुर्चीत पुढे सरकले. बोटं माझीच होती, पण त्यांना मी हात घातला नाही, अडवलं नाही, मदतही केली नाही. ओळ उमटली.

मी पोरीला मुद्दाम मांडीवर घेऊन बसले होते. बघायचं होतं, आई आल्यावर ती उठते का.

मी हसले. खरंच मोठ्यानं हसले. टेबलाखालून ठकूनं विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही ग, राणी." कितीतरी दिवसांनी मी तिला राणी म्हटलं. मला वाटत होतं हे पान छापून घ्यावं, चौकट करून भिंतीवर लावावं. मुद्दाम! मुद्दाम केलं होतं तिनं!

ही ओळ मी खोडली नाही. जे ऐकू येत नाही ते लिहायचं नाही हा नियम मला त्या क्षणी आठवला, आणि मी नियमाला म्हटलं, तू गप्प बस.

मग दार उघडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि माझ्या कानात कुणीतरी घसा खाकरला.

ती मी होते.

५

स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही. माझा ऐकून मला वाटलं, ही कोण गोड गोड बोलणारी बया?

"मी कुणाला दोष द्यायला आलेली नाही," ती बया म्हणाली. "माझा कुणावर राग नाही. मला फक्त माझ्या मुलीची काळजी आहे."

मला माहीत होतं, यानंतर मी थांबले होते. समितीच्या खोलीत पाण्याचा पेला होता. मी पाणी प्यायले होते. चार सेकंद. फार तर पाच.

मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. शाळेत वळण चांगलं नसलं की बाई असं बसवायच्या. बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. कर्सर उघडझाप करत होता. पेला उचलल्याचा आवाज आला, ठेवल्याचा आला.

श्वास आला. आत, हळू. इतका जवळ की मी मान वळवली. मागे शिंकाळ्यातली कुंडी, भिंतीवर ठकूच्या रंगांच्या रेघोट्या, बंद दार.

श्वास थांबला नाही. माणसाचा श्वास कुठेतरी पुरा होतो. हा होतच नव्हता. आत घेत होता, घेतच होता. कुणाला तरी खूप मोठं वाक्य बोलायचं असावं तसं. चार सेकंद झाले, दहा झाले. मी पाय उचलला. पेडल सुटलं. कोपऱ्यातला आकडा थांबला. रेकॉर्डिंग बंद.

श्वास चालू.

हेडफोन काढायला हात वर न्यायला हवे होते. न्यायचं म्हणजे हात मोकळे करायचे. मोकळे केले तर ते काय करतील याची मला खात्री नव्हती. शेवटी मी मान खाली घालून टेबलाच्या कडेला घासली, गाढव खांबाला घासतं तशी, तेव्हा हेडफोन निसटून पडला. आवाज बंद झाला. खोलीत फक्त ठकू तिच्या आजारी बाहुल्यांना कुजबुजत काहीतरी सांगत होती.

पडद्यावर "थांबतात" एवढंच होतं. खाली काही नाही. नीट बघितलं. दोनदा बघितलं.

सुटले. आहे काय त्यात? काळजीच होती मला. ज्याच्या पोटात काही नाही त्याची ओळ कशी येईल?

उरलेली पानं मी अंदाजानं, हेडफोन कानापासून दोन बोटं लांब धरून पुरी केली आणि दुपारी फाईल पाठवून दिली. मावशीच्या ओळीसकट.

६

संध्याकाळी भांडी घासताना मला बोलणं आवरेना. नळ सोडला, म्हणजे ठकूला ऐकू जाऊ नये, आणि बोलले.

"तुला सगळं माहीत असतं ना? मनाच्या तळातलं सगळं? मग बोल की! नुसता श्वास घेऊन काय होतं? दाराला कान लावून बसणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात ठाऊक आहे? चोंबडा म्हणतात. आमच्या शेजारीण काकूसुद्धा एवढं ऐकत नाहीत, आणि ऐकलं तर निदान चार घरी सांगून तरी येतात!"

पातेल्याला मी इतकं घासत होते की त्याचा रंग जायला लागला.

"तुला त्या दिवसाचं माहीत आहे? असेलच. मग हेही माहीत असेल की मी चाळीस मिनिटं उशिरा आले कारण स्वल्पविरामबाईंनी शेवटच्या क्षणाला फाईल परत पाठवली. धावत आले. दारात बघते तर ठकू तिच्या मांडीवर, केस विंचरून घेत. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, तू जा. आणि मावशीकडे वळून म्हणाली, आई, हिला सांग ना."

नळाचं पाणी माझ्या मनगटांवरून जात होतं.

"हिला. मला हिला म्हणाली. बाकीच्या आया उभ्या होत्या तिथे, त्या हसल्या. मावशीही हसली. म्हणाली, अगं वेडे, आई ती आहे. असं म्हणाली, जणू मला भीक घालत होती! मग जिन्यात मी ठकूचा हात धरला. आई मुलीचा हात धरते. जिन्यात धरावाच लागतो. कुठे धरला, किती वेळ धरला, ते मी घड्याळ लावून बसले होते का? आणि एवढ्या जोरात काही नव्हता धरला. एवढ्या जोरात धरला असता तर ती रडली असती. ती एक शब्द बोलली नाही. अख्खा जिना एक शब्द बोलली नाही!"

मी नळ बंद केला. स्वयंपाकघराच्या दारात ठकू उभी होती, कडेवर बाहुली.

"आई, कोणाला रागावतेस?"

"कोणाला नाही. भांड्यांना."

तिनं भांड्यांकडे बघितलं. मग सिंकच्या वर, जिथे काही नाही अशा भिंतीकडे जरा वेळ बघितलं. उजवा हात तिनं अंगाशी घट्ट धरला होता. हल्ली ती माझ्यासमोर तसाच धरते.

"बाहुलीला बरं वाटतंय," ती म्हणाली आणि गेली.

७

गुरुवारी सकाळी स्वल्पविरामबाईंचा फोन आला. नवऱ्याला डबा देत होते, त्याला खुणेनंच जा म्हटलं.

"पान सातवर हे काय आहे?"

मावशीची ओळ पान चारवर होती. "पान चार म्हणताय का, बाई?"

"चारवरचं मी काढलं. तुला पंधरा वेळा सांगितलंय, थांबलेल्या जागी काही भरायचं नाही. ते सोड. सातवर 'थांबतात'च्या खाली एक ओळ आहे. 'ती तिला आई म्हणाली.' हे कोण बोललंय? मी रेकॉर्डिंग लावून बघितलं, तिथे कुणी बोलतच नाही."

माझ्या हातात डब्याचं झाकण होतं. ते मी लावत होते, निघत होतं, लावत होते.

"बाई, मी ती लिहिली नाही."

"तुझ्याच फायलीत आहे."

"मी हातांवर बसले होते!"

मग बाई निराळ्याच आवाजात म्हणाल्या, "हातांवर बसून काही होत नाही, बाळ."

गेल्या सहा वर्षांत त्यांनी मला कधी बाळ म्हटलं नव्हतं.

"तुम्हालाही…" मी सुरुवात केली.

"मला काही नाही. हे बघ. तिथे 'थांबतात' एवढंच लिहायचं. एकवीस वर्षं मी तेवढंच लिहिलंय, वर दुसरा शब्द आला की खोडलाय, आणि मला झोप लागते. गोळी घ्यावी लागते, पण लागते. मी तुझी ओळ काढून टाकली. मी ती वाचली नाही. कळलं? मी वाचली नाही, तू लिहिली नाहीस." त्या थांबल्या. "आवाज कुणाचा होता ते मला ठाऊक आहे. अगं, फाईल परत करायची होतीस."

त्यांनी फोन ठेवला. ठेवण्याआधीच्या त्या क्षणभराच्या शांततेत मी फोन कानापासून लांब नेला, पटकन, चटका बसावा तसा.

म्हणजे कुणालाच काही कळणार नव्हतं. मावशीची ओळ गेली, माझी गेली, कागद स्वच्छ. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला इतका राग आला की ते झाकण मी भिंतीवर फेकलं. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, मान्य कर म्हणून गळा धरायचा नाही; नुसतं जाणून बसायचं, एका ओळीत, माझ्याच बोटांनी! याला काय न्याय म्हणतात? एक तर शिक्षा कर, नाहीतर तुझा कान घेऊन चालता हो.

नवरा अजून दारातच होता. "काय झालं?"

"झाकण बसत नव्हतं."

"मावशीच्या बाबतीत आपण जरा घाई केली का ग?" तो बूट घालता घालता म्हणाला. "म्हणजे, आपलं विचारतोय."

मी त्याच्या बायकोला, म्हणजे मला, तोंड उघडताना बघितलं. सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. मी श्वाससुद्धा घेतला.

"डबा विसरू नकोस," मी म्हणाले.

८

शुक्रवारी दुपारी समुपदेशक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, पायांत मोजे, पिशवीत रंगीत खडू. चांगल्या होत्या. मला त्या चांगल्या नको होत्या.

उन्हं खोलीभर आली होती. सोफ्यावर मी आणि माझ्या डावीकडे ठकू, तिचा उजवा खांदा मला टेकलेला. समोर स्टुलावर बाई. मध्ये टेबलावर बोटाएवढा रेकॉर्डर, त्याचा लाल दिवा.

"हे रेकॉर्ड करते हं," बाई मला म्हणाल्या. "नंतर कुणीतरी टाइप करतं. प्रत्येक शब्द लिहितात, बिचारे."

"हो का," मी म्हणाले.

"आई शेजारी बसलेली चालेल ना तुला?" त्यांनी ठकूला विचारलं. ठकूनं मान हलवली. मी तिला आणखी जवळ घेतलं.

त्यांनी घाई केली नाही. बाहुल्यांचं विचारलं, कोण जास्त आजारी असतं ते विचारलं. ठकूनं खडूनं दोन खोल्या काढल्या आणि त्यात चौदा टिकल्या. मोजून चौदा. आपली टिकली तिनं अजून त्यातच धरली होती.

"आणि हा जिना," ती म्हणाली. "इथे अंधार असतो."

मी फक्त तिच्याकडे बघत होते, आणि माझ्या मनात एकच शब्द होता, तो मी तिच्याकडे बघून सारखा म्हणत होते, आतल्या आत: म्हण. म्हण. म्हण.

"ठकू," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या हाताला लागलं होतं ना, तो कुणी धरला होता ग?" त्यांनी वाक्यात कुठेही नाव घातलं नव्हतं. कामात पक्क्या होत्या.

ठकू थांबली.

कानाला काही लावलेलं नसताना मला तो ऐकू आला. आत घेतलेला, लांब, टेबलाच्या जवळून, की माझ्या मानेजवळून, की त्या लहानशा अंगातून, सांगता येणार नाही. खोली त्यानं भरत गेली. पडदा हलला नाही. लाल दिवा तसाच होता. या वेळी बोलणार, मला वाटलं. आता बोलेल आणि एकदाचं संपेल, आणि खरं सांगते, तेवढ्यापुरतं मला तेच हवं होतं.

"मावशीनं," ठकू म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. मी शिकवलेल्या सुरात.

बाईंनी मान हलवून वहीत काहीतरी लिहिलं. आणि तो श्वास, जो महिनाभर कुणीतरी रोखून धरला होता, तो सुटला. हळूहळू, सगळा. बोलणारा माणूस "राहू दे" म्हणून सोडून देतो, तसा. नंतर खोलीत काही उरलं नाही. असं रिकामेपण मी कधी ऐकलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, थांब, जाऊ नकोस, ऐक!

बाई वहीतून वर बघत होत्या. माझ्या चेहऱ्याकडे नाही. जरा खाली, सोफ्याकडे. त्यांचं पेन थांबलं होतं. लाल दिवा चालू होता.

ठकूनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जिन्यातल्यासारखीच ती रडत नव्हती.

"सांगितलं ना मी, आई," ती म्हणाली. "आता हात सोड."